सदनिका सभासदांची, जमीन कोणाची? मानीव अभिहस्तांतरणाची पार्श्वभूमी

मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या वकिलाकडे सोसायटीची कमिटी येते ती बहुधा पुनर्विकासाच्या तोंडावर. सगळ्यांचे करारनामे नोंदणीकृत असतात, मेंटेनन्स वेळेवर भरलेला असतो आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव मात्र मूळ जमीनमालकाचं.

खरं तर १९६३ च्या ‘मोफा’तच, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यातच, याची सोय होती. कलम ११ प्रमाणे बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीला लिहून द्यायची. करारात मुदत नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. पण त्याने सहीच केली नाही तर? मग दिवाणी न्यायालयात दावा लावायचा आणि वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. त्यात मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, आणला आणि इमारतीवर जादा बांधता येणाऱ्या प्रत्येक फुटाला भाव आला. जमीन हातची न सोडण्यात सरळ पैसा होता. खरेदीखत रखडलं ते याच हिशेबाने. त्याला दिरंगाई म्हणणं सभासदांवर अन्याय आहे.

२००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची वाट, आणून ही कोंडी फोडली. आता सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक सक्षम प्राधिकारी म्हणून सुनावणी घेतो आणि सहा महिन्यांत निर्णय देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. अर्ज नमुना ७ मध्ये, २,००० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. सोबत सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, करारनामे व इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि बिल्डरला पाठवलेली नोटीस.

आदेश हाती आला की बऱ्याच कमिट्या पेढे वाटून थांबतात. आदेश म्हणजे खरेदीखत नव्हे! दस्ताचा मसुदा मुद्रांक कार्यालयातून अभिनिर्णय करून (म्हणजे किती शुल्क लागेल ते ठरवून) घ्यावा लागतो, दुय्यम निबंधकाकडे एकतर्फी, बिल्डरच्या सहीविना, नोंदवावा लागतो, मग नगर भूमापन कार्यालयात फेरफार. जुन्या करारनाम्यांचं मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर ते इथे वर येतं. एकाच लेआउटमध्ये अनेक इमारती असतील तर वाट्याच्या क्षेत्रफळावरून भांडण ठरलेलं. त्यासाठी आर्किटेक्टचा दाखला आधीच घ्यावा.

हा आदेश मालकी हक्काचा अंतिम निवाडाही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की त्यानंतरही बाधित पक्षाला दिवाणी दावा करता येतो. म्हणून जमीनमालक हयात नसेल तर वारसांची नावं शोधून प्रत्येकाला पक्षकार करावं. सुटलेला एक वारस पुढे सगळ्या पुनर्विकासाला मनाईहुकूम मागू शकतो.