परस्पर हिंसा आणि प्रतिकार: दोघांचेही हात उठतात तेव्हा

पोलीस दारात येतात तेव्हा एका जोडीदाराच्या मनगटांवर ताजे ओरखडे असतात, क्वचित दातांचे व्रणही असतात, आणि दुसऱ्याच्या अंगावर दिसण्यासारखे काहीच नसते. मार कोणी दिला हे वरवर पाहता उघड वाटते. पण ज्याचा गळा आवळला जातो तो माणूस जीव वाचवण्यासाठी आवळणारे हातच ओरबाडतो, जमल्यास चावतो. ओरखडे लगेच दिसतात; मानेवरचे वळ मात्र काही तासांनी उमटतात आणि पुष्कळदा उमटतच नाहीत. घोगरा झालेला आवाज, गिळताना होणारा त्रास, डोळ्यांतले रक्ताचे बारीक ठिपके या खुणा विचारल्याशिवाय आणि निरखून पाहिल्याशिवाय हाती लागत नाहीत. अशा वेळी ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते.

परस्पर हिंसा अस्तित्वातच नसते, असे मात्र नव्हे. एखाद्या मुद्द्यावरून वाद पेटतो, दोघांचाही तोल सुटतो, एक ढकलतो, दुसरा हातातली वस्तू भिरकावतो. वाद शमल्यावर दोघेही पूर्वीसारखेच बोलतात, उलट उत्तर देतात, मनाला येईल तिथे जातात. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये आणि पुढच्या लेखनात या प्रकाराला दहशतीच्या हिंसेपासून वेगळे काढले. दहशतीच्या हिंसेत एक जोडीदार मार, धमकी, पैसा, पाळत आणि अपमान यांच्या जोरावर दुसऱ्याचे सगळे जगणे मुठीत ठेवतो. त्या मुठीत सापडलेली व्यक्ती कधीतरी उलटून हात उचलते, तेव्हा तो प्रतिकार असतो; त्यालाही जॉन्सन यांनी स्वतंत्र नाव दिले. वादातून उसळणारी हिंसा निरुपद्रवी असते असे यातून कोणी समजू नये, कारण धक्का लागून पडलेल्या माणसाचे डोके हेतू पाहून फुटत नाही.

हा गोंधळ वाढण्यामागे मोजण्याची पद्धतही आहे. समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेली, पुढे अनेक सर्वेक्षणांत वापरली गेलेली मोजपट्टी वर्षभरात कोणी किती वेळा ढकलले, थप्पड मारली, वस्तू फेकली, हे विचारते. या मोजपट्टीने मोजले तर स्त्रियांचे आणि पुरुषांचे आकडे पुष्कळदा जवळजवळ येतात. तिच्यावरचा मोठा आक्षेप असा की स्वतःला सोडवून घेताना दिलेला धक्का आणि दार अडवून दिलेला धक्का तिच्या हिशेबात सारखेच भरतात.

म्हणून माझ्या मते भांडणाच्या रात्रीपेक्षा भांडण नसलेल्या दिवसाची चौकशी अधिक सांगून जाते. दाराशी पावले वाजली की कोणाचे बोलणे मध्येच थांबते, मित्रमैत्रिणींना भेटणे कोणी सोडले, फोन कोण कोणाचा तपासतो, स्वतःच्याच पगाराचा हिशेब कोणाला द्यावा लागतो, या प्रश्नांची उत्तरे एकाच दिशेने जात असतील तर हात दोघांनी उचलला असला तरी सत्ता एकाचीच आहे. मुठीत सापडलेली व्यक्ती पुरुषही असू शकते आणि समलिंगी जोडप्यातही हेच घडते, त्यामुळे केवळ लिंग किंवा अंगकाठी पाहून निवाडा करता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे सततचे नियंत्रण हाच गुन्हा ठरवला आणि त्याला पाच वर्षांपर्यंतचा कारावास ठेवला. त्यासाठी एकही फटका सिद्ध व्हावा लागत नाही.

दोषाचा प्रश्न इथेच अवघड होतो. आधी नाकारायचे, मग समोरच्यावरच तुटून पडायचे आणि शेवटी आपणच पीडित असल्याचे सांगायचे, या क्रमाचे वर्णन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९७ मध्ये केले. मराठीत त्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. ‘त्या दिवशी तूही मारलेस’ हे एक वाक्य पुढे कित्येक वर्षे पुरवले जाते, आणि प्रतिकार करणाऱ्याला आपल्या हाताची लाज आधीच वाटत असल्याने ते पटतेही. आपल्या कृतीची जबाबदारी घेणे वेगळे आणि सगळ्या छळाचे कारण आपणच असल्याचे कबूल करणे वेगळे. अर्थात प्रत्येक उलटा फटका स्वसंरक्षण ठरत नाही; धोका टळल्यानंतर काढलेला राग कायदा वेगळ्या नजरेने पाहतो, आणि ते योग्यच आहे.

हा फरक न ओळखता मदत करायला गेले तर मदतच अंगाशी येते. वादातून हिंसा होणाऱ्या काही जोडप्यांना, दोघेही निर्भयपणे बोलू शकत असतील तर, एकत्र समुपदेशनाचा उपयोग होतो. दहशत असलेल्या नात्यात मात्र त्या खोलीत खरे बोलल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. म्हणून जाणकार समुपदेशक दोघांना आधी वेगवेगळे बसवतो आणि ‘तुम्हाला जोडीदाराची भीती वाटते का’ हा प्रश्न दार लावून विचारतो.