ब्रेकपॉइंटचा पत्ता कुठल्या मेमरीतला?

ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्रॅम थांबवून तपासायची जागा, आणि ती पत्त्याने सांगावी लागते. कोड आणि डेटा वेगळ्या मेमरीत असले की तोच पत्ता एकाहून जास्त ठिकाणी निघतो. असं वेगळं ठेवण्याचं मूळ १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन या संगणकात दाखवतात. तिथे सूचना कागदी पट्टीवरच्या छिद्रांत होत्या आणि आकडे यांत्रिक काउंटरांत. ‘हार्वर्ड’ हे नाव या रचनेला चिकटलं ते बरंच नंतर. आपल्या कामाचा, म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या छोट्या कंट्रोलर चिपांवरचे प्रोग्रॅम तपासण्याचा, इतिहास सुरू होतो १९८० मध्ये आलेल्या ८०५१ या चिपपासून. (खालचे सगळे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर मोजलेले आहेत.)

८०५१ मध्ये ३० हा पत्ता कोडमध्ये असतो, आतल्या रॅममध्ये असतो आणि बाहेरच्या रॅममध्येही असतो. तिच्याच मोठ्या भावंडात, ८०५२ मध्ये, तर ८० च्या वर थेट गेलात तर स्पेशल रजिस्टर मिळतं आणि रजिस्टरमार्फत गेलात तर रॅम. ब्रेकपॉइंटची खरी अडचण मात्र दुसरीच होती. या चिपकडे कोड मेमरीत लिहिणारी सूचनाच नाही. मग मॉनिटर प्रोग्रॅम (चिपवरच चालणारा छोटा डिबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन) तिथे ब्रेकपॉइंट पेरणार कसा? उपाय वायरिंगमध्ये सापडला. ‘पीसेन’ (कोड वाचायचा) आणि ‘आरडी’ (डेटा वाचायचा) हे दोन्ही सिग्नल ७४०८ या चिपच्या एका अँड गेटमधून नेले की बाहेरची रॅम कोड म्हणूनही दिसते आणि डेटा म्हणूनही. मॉनिटर तिथे तीन बाइटांची एलकॉल सूचना लिहायचा, म्हणजे प्रोग्रॅम तिथे पोचला की मॉनिटरकडे वळायचा. मूळ सूचना एकाच बाइटची असली की पुढचे दोन बाइट झाकले जायचे, आणि त्यांच्यावर कुठून जंप आली की प्रोग्रॅम भरकटायचा. म्हणजे वेगळ्या मेमरीचा डिबगर चालवायला आधी त्या मेमरी एक कराव्या लागल्या!

पत्ता लिहायची पद्धत मात्र त्या काळी चोख होती. आकड्याआधी अक्षर: कोडला सी, आतल्या रॅमला डी किंवा आय, बाहेरच्या रॅमला एक्स. एमआयडीसीत प्लॉट नंबरआधी ब्लॉकचं अक्षर असतं, तसंच. अक्षर नसेल तर पार्सल भलत्याच शेडपुढे उतरतं.

जीडीबीची बैठक वेगळी. १९८६ पासूनच्या या डिबगरने पत्ता म्हणजे एकच सरळ रेषा हे गृहीत धरलं होतं, कारण मोठ्या संगणकांवर ते खरंच होतं. नव्वदीच्या उत्तरार्धात आलेली एव्हीआर ही चिपांची मालिका त्याला जोडताना दोन वाटा होत्या: प्रत्येक पत्त्यासोबत मेमरीची खूण बाळगायची, किंवा सगळ्या मेमरी एकाच रेषेवर लांब लांब मांडायच्या. दुसरी वाट निवडली गेली. फ्लॅश (कोडची मेमरी) ० पासून, रॅम ८००००० पासून, ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणाऱ्या डेटाची मेमरी) ८१०००० पासून. यात हिशेब होता. एव्हीआरचा प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या सूचनेचा पत्ता धरणारा) जास्तीत जास्त २२ बिटांचा, म्हणजे ४० लाखांहून थोडे जास्त शब्द, आणि शब्द दोन बाइटांचा, म्हणजेच ८ एमबी. आणि ८ एमबी म्हणजे बरोबर ८०००००. फ्लॅश कधी त्या रेषेपलीकडे जाणारच नाही. कंपायलर, लिंकर, डिबगर सगळ्यांना तीच रेषा चालते, आणि डिबगर चिपशी ज्यातून बोलतो त्या रिमोट प्रोटोकॉलला ब्रेकपॉइंटसाठी नुसता आकडा पाठवता येतो. याच्या बाजूने बोलणारे एवढंच म्हणतात, आणि ते चुकीचं नाही.

पण किंमत मोजली ती वापरणाऱ्याने. सिम्बॉल टेबलमध्ये (नावं आणि पत्त्यांच्या यादीत) ८००१०० दिसणारा व्हेरिएबल चिपच्या दृष्टीने १०० वरच असतो. डिबगरला नुसता १०० दिला तर तो फ्लॅशमधला बाइट दाखवतो. वर आणखी एक गुंता: चिप कोडचे पत्ते १६ बिटी शब्दांत मोजते, डिबगर बाइटांत. तोच आकडा फंक्शन पॉइंटर म्हणून कास्ट केला की दुप्पट होतो. स्टॅकवरचा रिटर्न पत्ता हाताने वाचायचा तर त्यालाही दोनने गुणायचं. माझ्या मते अक्षराची पद्धत टाकून दिली हीच चूक होती. ‘सोय’ म्हणून केलेली गोष्ट वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगावी लागत असेल तर ती कोणाची सोय?

अंबडच्या एका शेडमध्ये द्राक्षबागेच्या ठिबकचा कंट्रोलर तयार होत होता, अटमेगा ३२८पी या एव्हीआर चिपवर. टायमर शून्यच्या ओव्हरफ्लोवर व्हॉल्व्ह उघडायचा. नव्या मुलाने डेटाशीटमधला व्हेक्टर (इंटरप्ट आला की चिप जिथे जाते तो पत्ता) पाहून २० वर ब्रेकपॉइंट टाकला. व्हॉल्व्ह व्यवस्थित उघडत होता, प्रोग्रॅम काही थांबेना. “सर, इंटरप्ट येतच नाहीये,” तो दुपारपर्यंत सांगत राहिला. डेटाशीटचा २० शब्दांत होता. बाइटांत तो ४०. बाइटांच्या २० वर टायमर दोनचा व्हेक्टर बसतो, आणि तो टायमर आम्ही सुरूच केला नव्हता.

असे चुकलेले ब्रेकपॉइंट फुकट जात नाहीत. ३२८पी वर डिबगवायरमधून (चिपच्या एकाच तारेच्या डिबग जोडणीतून) टाकलेला सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणजे फ्लॅशच्या पानात ९५९८ ही ब्रेक सूचना खरोखर लिहिणं, आणि काढताना पान पुन्हा लिहिणं. फ्लॅशला हमी १०,००० वेळा लिहिण्याची. डिबगिंगला वापरलेली चिप शेतकऱ्याकडे जाणाऱ्या बोर्डावर लावायची नाही, हा नियम त्यातूनच आला.

एआरएमच्या कॉर्टेक्स-एम चिपांनी वादच मिटवला असं बरेच जण मानतात. बस आतून वेगळ्या असल्या तरी पत्त्यांची रेषा खरोखरच एक, ४ जीबीची. रॅम २००००००० पासून. कॉर्टेक्स-एम३ मध्ये कोडसाठी सहा हार्डवेअर कंपॅरेटर (पत्ता जुळला की थांबवणारे) आहेत, त्यामुळे फ्लॅश झिजवावी लागत नाही. तरी फंक्शन पॉइंटरचा शेवटचा बिट थंब या सूचना-संचाची खूण म्हणून १ असतो. पॉइंटरमधला आकडा आणि सूचनेची जागा इथेही तंतोतंत जुळत नाहीत.

नव्या टायनी एव्हीआरमध्ये फ्लॅश डेटाच्या रेषेवरही दिसते, ८००० पासून. त्यामुळे फ्लॅशमधल्या एकाच बाइटला आता तीन पत्ते आहेत: शब्दांतला, बाइटांतला आणि डेटाच्या बाजूचा. ब्रेकपॉइंटसाठी डिबगरला त्यांतला मधला लागतो.