चिरेआधीचा तास: शस्त्रक्रियेतील अँटिबायोटिकची पार्श्वभूमी

जखम चिघळू नये म्हणून चाललेली धडपड अँटिबायोटिकपेक्षा जुनी आहे. ग्लासगोत शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये उघड्या अस्थिभंगावर जंतुनाशक कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. पुढे निर्जंतुक हत्यारे आणि रबरी हातमोजे आले. 1940 नंतर पेनिसिलिन मिळू लागले आणि सगळी भिस्त औषधावर गेली. ती फार टिकली नाही. पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस हे जखमा चिघळवणारे जंतू रुग्णालयांत पसरले. त्यांच्यासाठी आणलेल्या मेथिसिलिनलाही न जुमानणारे जंतू 1961 मध्ये ब्रिटनमध्ये नोंदले गेले.

त्याच वर्षी अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी गिनीपिगवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. जंतू टोचण्याआधी औषध दिले, तर संसर्ग जवळपास होतच नसे. तीन तासांनी दिले, तर दिले काय नि न दिले काय, सारखेच. माणसांतला पुरावा 1992 चा. 2,847 रुग्णांपैकी ज्यांना चिरेआधीच्या दोन तासांत औषध मिळाले, त्यांच्यात संसर्ग 0.6 टक्के, चिरेनंतर तीन तास उलटून मिळाले, त्यांच्यात 3.3 टक्के.

म्हणूनच सेफाझोलिन हे नेहमीचे अँटिबायोटिक 2 ग्रॅम (वजन 120 किलो वा अधिक असल्यास 3) चिरेआधी तासाभरात देतात. शस्त्रक्रिया चार तासांपुढे लांबली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेले, तर पुन्हा. व्हँकोमायसिन हे दुसरे अँटिबायोटिक शिरेतून सावकाश सोडावे लागते, त्यामुळे ते दोन तास आधीपासून सुरू करता येते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत हमखास होणारी चूक म्हणजे औषध पूर्ण जाण्याआधीच रक्तप्रवाह थांबवणारा मांडीचा पट्टा आवळणे. मग ते हवे तिथे पोहोचतच नाही.

‘टाके निघेपर्यंत गोळ्या’ ही सवय मात्र सुटता सुटत नाही. प्रतिबंधासाठीचे औषध शस्त्रक्रियेनंतर लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितले. जादा डोसांनी जखमेचे रक्षण वाढत नाही. मूत्रपिंडावर ताण येतो, आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि प्रतिरोधक जंतूंना मोकळे रान मिळते.

औषधांची धार बोथट होत असताना बिनऔषधी उपायांचे वजन वाढले आहे. वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर क्लिपरने, म्हणजे केस कापण्याच्या यंत्राने. कातडीला अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून ते पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर डायथर्मीच्या (विजेने ऊती कापण्याच्या व रक्तस्राव थांबवण्याच्या उपकरणाच्या) ठिणगीने पेट घेण्याचा धोका. रुग्णाला ऊब देणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित उपाय. 1996 मध्ये मोठ्या आतड्याच्या 200 शस्त्रक्रियांत शरीराचे तापमान सुमारे 36.6 अंश सेल्सिअस राखले, तिथे संसर्ग 6 टक्के, 34.7 पर्यंत उतरले, तिथे 19 टक्के. अँटिबायोटिक दोन्ही गटांना तीच दिली होती.