बोलिंगमधील चेंडू-परत : वेग उतरवण्याची यंत्रणा

टेनपिन, म्हणजे दहा पिनांच्या बोलिंगमध्ये फेकलेला चेंडू पिना पाडून लेनच्या (चेंडू घरंगळवण्याच्या लांब पट्टीच्या) मागील खड्ड्यात पडतो. तेथून तो लेनखालच्या किंवा लेनच्या कडेच्या रुळांवरून खेळाडूंकडे परत धाडला जातो आणि रॅकवर येऊन थांबतो. परतीच्या वाटेच्या शेवटी चेंडूचा वेग उतरवून तो न आदळता हाताशी आणून ठेवणाऱ्या सर्व भागांचा विचार या नोंदीत केला आहे. चढ, उचलयंत्र, रुळांची ठेवण, रॅकवरील आच्छादन आणि गाद्या हे त्यांतील मुख्य भाग होत.

वरवर पाहता हा साध्या ब्रेकचा प्रश्न वाटतो, पण तसा तो नाही. नियमांनुसार चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड (सुमारे ७.२६ किग्रॅ.) असते, आणि केंद्रांमध्ये मुलांसाठी ६ पौंडांपर्यंतचे (सुमारे २.७ किग्रॅ.) हलके चेंडू ठेवलेले असतात. व्यास मात्र सगळ्यांचा जवळपास सारखाच, सुमारे २१.७ सेंमी. (त्यामुळेच साधारण १२ पौंडांहून हलके चेंडू पाण्यात चक्क तरंगतात.) म्हणजे आकाराने एकसारखे पण वजनाने अडीचपटींहून अधिक फरक असलेले चेंडू एकाच रुळावरून, कोणत्याही क्रमाने आणि थोड्याफार वेगळ्या वेगांनी येतात. सर्वांत जड चेंडू अलगद थांबेल इतका जोर लावावा, तर हलका वाटेतच अडकतो. हलक्याला वाट मोकळी ठेवावी, तर जड चेंडू रॅकवर धडकतो. येणारे वेग वेगवेगळे असले तरी बाहेर पडणारा वेग एकच असावा, ही खरी गरज आहे. या यंत्रणेतील बहुतेक सुधारणा या एका गरजेभोवती फिरतात.

उतार आणि चढ

स्वयंचलित यंत्रे येण्यापूर्वी खड्ड्याजवळ बसलेली मुले, म्हणजे पिनबॉय, पडलेल्या पिना उभ्या करत आणि चेंडू उचलून उंचावरच्या रुळावर ठेवत. तेथून तो उतारावरून घरंगळत लेनच्या कडेने खेळाडूंकडे येई आणि शेवटी एका वळणदार चढावर चढून रॅकवर विसावे. त्याला गती उताराने मिळे आणि ती काढून घेण्याचे काम चढ करी. मोटर नाही, पट्टा नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९०८ साली सुरू झालेल्या ‘हॉलर हाऊस’ या दोन लेनच्या ठिकाणी पिना हातांनी लावण्याची पद्धत पुढे एकविसाव्या शतकातही टिकून राहिली.

चढाचा मोठा गुण असा की तो वजन बघत नाही. घरंगळणाऱ्या भरीव गोलाची गतिज ऊर्जा दोन वाटण्यांत असते. पुढे जाण्याच्या गतीचा वाटा ½mv² (m म्हणजे वस्तुमान, v म्हणजे वेग) आणि स्वतःभोवती फिरण्याचा वाटा त्याच्या दोन पंचमांश, एकूण ०.७ mv². बोलिंगच्या चेंडूत आत वेगळ्या घनतेचा गाभा असल्याने हा आकडा किंचित बदलतो, पण हिशेबाला तो पुरेसा आहे. ही सारी ऊर्जा उंचीत बदलली, तर चेंडू ०.७ v²/g (g म्हणजे गुरुत्वीय त्वरण) इतका वर चढतो. या सूत्रात वस्तुमान उरतच नाही. सेकंदाला २ मी. वेगाने आलेला चेंडू सुमारे २९ सेंमी. चढेल आणि ३ मी. वेगाने आलेला सुमारे ६४ सेंमी., मग तो ६ पौंडांचा असो की १६ पौंडांचा. शिवाय चढावर चेंडूला कुठेही धक्का बसत नाही.

दोष मात्र त्याच सूत्रात दडलेला आहे. समजा, चेंडूला ६० सेंमी. चढून वर पोचल्यावर सेकंदाला अर्धा मीटर वेग उरावा अशी रचना केली. त्यासाठी तो खाली सुमारे २.९४ मी./से. वेगाने यायला हवा. प्रत्यक्षात तो ५ टक्के जास्त वेगाने आला, तर माथ्यावर त्याचा वेग १.०६ मी./से. होतो, म्हणजे दुपटीहून जास्त. ५ टक्के कमी वेगाने आला, तर तो माथ्याच्या सुमारे ४ सेंमी. अलीकडेच दम सोडतो आणि मागे घरंगळतो. रुळावरची धूळ, तेलाचा थर, सांध्यावर बसलेला हिसका यांतले काहीही एवढा फरक सहज पाडू शकते. नुसत्या चढाने केलेली मंदगती सर्वांत हळुवार असते, पण चूक पोटात घालण्याची तिला सवय नाही. पिनबॉयच्या काळात मागे आलेला चेंडू हाताने ओढून घेता येई. रूळ लेनखाली गेल्यावर ती सोय उरली नाही.

उचलयंत्र

फ्रेड श्मिट यांनी शोधलेले पिना लावणारे यंत्र एएमएफ कंपनीने १९४६ साली अमेरिकेतील बफेलो येथे लोकांसमोर मांडले. १९५०च्या दशकात अशी यंत्रे केंद्रांमध्ये बसू लागली आणि ब्रन्सविक कंपनीही स्वतःचे यंत्र घेऊन बाजारात उतरली. पिनबॉयचे काम संपले, त्याबरोबर चेंडू उचलून रुळावर ठेवणारा हातही गेला. त्याच्या जागी मागच्या बाजूला चेंडूला गती देणारी योजना आली. काही यंत्रांत चेंडू आधी वर उचलून उतारावर सोडतात, तर काहींत मोटरवर फिरणारा पट्टा त्याला रुळावर दाबून पुढे फेकतो. परतीची वाट लेनच्या पोटातून जाऊ लागली. बहुधा दोन लेनना मिळून एकच वाट आणि एकच रॅक असतो, म्हणून दोन्हीकडून एकाच सुमारास आलेले चेंडू एकामागोमाग सोडण्याची सोयही करावी लागते.

पुढच्या टोकाला, रॅकच्या पोटात, उचलयंत्र असते. चेंडू खालच्या पातळीवर येतो, तेथे फिरत्या पट्ट्याच्या किंवा चाकाच्या तावडीत सापडतो आणि वक्र रुळांना घासून वर नेला जातो. येथेच येणारा वेग आणि जाणारा वेग यांची फारकत होते. वर पोचताना चेंडू किती वेगाने पुढे सरकेल, हे आता तो कसा आला यावर अवलंबून राहत नाही, पट्ट्यावर राहते. स्थिर रूळ एका बाजूला आणि चालता पट्टा अगदी समोरच्या बाजूला असला, तर न घसरता फिरणाऱ्या चेंडूचा मध्य पट्ट्याच्या सुमारे निम्म्या वेगाने सरकतो. रुळांमध्ये फट असल्याने प्रत्यक्षातले प्रमाण थोडे कमीच भरते. पट्ट्याचा वेग ठरवला की सुटण्याचा वेग ठरला. चेंडू जोरात आला, तर तो पट्ट्याशी क्षणभर घसरतो, आणि जादा ऊर्जा रबराच्या उष्णतेत जिरते. हळू आला, तर पट्टा त्याला ओढून घेतो. वाटेत थबकलेला हलका चेंडूदेखील मागून येणाऱ्या जड चेंडूच्या ढकलण्याने उचलयंत्रापर्यंत पोचला, की पुढे त्याचे नशीब इतरांसारखेच.

उचलयंत्राला शक्तीचे यंत्र म्हणण्यापेक्षा विसर पाडणारे यंत्र म्हणणे मला अधिक नेमके वाटते. आधीचा सगळा प्रवास ते पुसून टाकते. अर्थात हे कामही फुकट होत नाही. १६ पौंडांचा चेंडू ६० सेंमी. उचलायला सुमारे ४३ जूल लागतात. जवळपास तेवढीच ऊर्जा त्याच्यात ३ मी./से. वेगाने घरंगळत येताना असते. म्हणजे ती आधी जिरवायची आणि मग मोटरने पुन्हा घालायची, असा आतबट्ट्याचा व्यवहार! म्हणून बऱ्याच रचनांत उचलयंत्राआधी थोडा चढ ठेवून दोन्ही उपायांची सांगड घालता येते.

फिरकीची अडचण

चेंडू थांबवताना त्याचे पुढे जाणे थांबले म्हणजे काम झाले असे नाही. फिरणे उरते. सपाटीवर घरंगळणाऱ्या भरीव गोलाच्या एकूण ऊर्जेपैकी दोन सप्तमांश, म्हणजे सुमारे २९ टक्के ऊर्जा फिरकीत असते. रॅकवर उभ्या असलेल्या चेंडूवर नवा चेंडू समोरासमोर आदळला की पुढे जाण्याची गती बरीचशी त्या उभ्या चेंडूकडे जाते, पण फिरकी आल्या चेंडूतच राहते. मग तो जागच्या जागी गरगरतो, पुन्हा पुढे रेटतो आणि फिरकी जास्त असेल तर पुढच्या चेंडूच्या अंगावर चढू पाहतो.

रुळांतील अंतर इथे महत्त्वाचे ठरते. दोन रुळांवर बसलेला चेंडू पूर्ण त्रिज्येवर फिरत नाही. रूळ जितके दूर, तितका तो त्यांच्यामध्ये खाली बसतो आणि तितक्या लहान त्रिज्येवर, म्हणून तितक्या भरभर फिरतो. रुळांतील अंतर हळूहळू वाढवत १५ सेंमी.पर्यंत नेले आणि चेंडूचा मध्य त्याच पातळीवर राहील अशी काळजी घेतली, तर पुढचा वेग सपाटीवरच्यापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी उतरतो. पण ही ऊर्जा नाहीशी होत नाही, फिरकीत जाऊन बसते. अशा रुळांवरून चेंडू एकदम सपाट पृष्ठभागावर आला तर तीच फिरकी त्याला पुढे झटका देते. रूळ पसरवून वेग उतरवणारा आराखडा ती फिरकी कुठे जिरवणार हे ठरवत नसेल, तर त्याने प्रश्न फक्त एक हात पुढे ढकललेला असतो.

खरखरीत पृष्ठभाग चेंडूला थांबवतो, हीसुद्धा अर्धवट समजूत आहे. न घसरता घरंगळणाऱ्या चेंडूचा पृष्ठभागाशी टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे घर्षण कितीही असले तरी त्याने ऊर्जा खर्च होत नाही. वेग उतरतो तो पृष्ठभाग दबण्याने. मऊ रबर किंवा दाट आच्छादन चेंडूखाली दबते आणि सावकाश उसळून वर येताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. म्हणून रॅकवर खरखरीतपेक्षा दबणारे साहित्य उपयोगी पडते. चुंबकीय ब्रेकची कल्पना मोहक असली, तरी ती थेट चेंडूवर चालत नाही. प्लॅस्टिक, युरेथेन किंवा रेझिनचा चेंडू विजेचा वाहक नसल्याने त्यात भोवरा-प्रवाह, म्हणजे चुंबकाजवळून जाणाऱ्या वाहकात उमटून त्याच्या गतीला विरोध करणारे वीजप्रवाह, निर्माणच होत नाहीत. तसा ब्रेक लावायचाच, तर चेंडू ज्यावरून जातो त्या धातूच्या रोलरला लावावा लागेल.

रॅक आणि बोटे

हे सगळे करायचे कशासाठी, तर खेळाडूंच्या बोटांसाठी आणि चेंडूंच्या कवचासाठी. सेकंदाला १ मीटर वेगाने आलेला १६ पौंडांचा चेंडू १ सेंमी. अंतरात थांबला, तर सरासरी बल सुमारे ३६० न्यूटन भरते, म्हणजे ३७ किलो वजन ठेवल्यासारखे. हेच थांबणे ५ सेंमी.च्या गादीत झाले तर बल पाचव्या हिश्शावर येते, आणि दोन कठीण चेंडूंमध्ये सापडलेल्या बोटाच्या २ मिमी. दबण्यात झाले तर ते १,८०० न्यूटनांच्या वर जाते. वेग निम्मा केला तर ही सर्व बले चौथाईवर येतात. म्हणून सुटण्याच्या वेगात थोडी घटही फार मोलाची असते. चेंडू उचलताना हात दोन चेंडूंच्या मध्ये न घालता, येणाऱ्या चेंडूंच्या दिशेला नसलेल्या बाजूंनी दोन्ही हातांनी धरावा, ही सूचना यातूनच आलेली आहे. यंत्रणा कितीही चांगली असली तरी तिला पर्याय नाही.

रॅकवर वजनातला फरक पुन्हा डोके वर काढतो. जड चेंडू हलक्यावर आदळला तर तो थांबत नाही, हलक्याला पुढे उडवून मागोमाग जातो. हलका जडावर आदळला तर मागे उसळतो. त्यामुळे शेवटच्या थांब्याची गादी सर्वांत जड चेंडूसाठी बेतावी लागते, एकाच चेंडूच्या हिशेबाने नव्हे तर रांगेतून पोचणाऱ्या धक्क्याच्या हिशेबाने. गोल फिरणाऱ्या रॅकमध्ये चेंडू एका रांगेत आदळत न राहता पुढे सरकवले जातात, एवढा त्याचा फायदा.

इतर खेळांत

छोट्या चेंडूंच्या खेळांत ही अडचण बरीच सौम्य होते. कँडलपिनचा चेंडू साधारण १.१ किग्रॅ. आणि डकपिनचा जास्तीत जास्त १.७ किग्रॅ. असतो. दोघांनाही बोटांची छिद्रे नसतात, त्यामुळे छिद्र रुळावर आल्याने बसणारा बारीक हिसकाही नाही. जर्मनी आणि आसपासच्या देशांतील नऊ पिनांच्या खेळात १६ सेंमी. व्यासाचा, सुमारे २.८ किग्रॅ.चा भरीव चेंडू वापरतात. तेथे कडेच्या उघड्या रुळावरून चेंडू परत येण्याची जुनी पद्धत अजूनही दिसते.

देखभाल

लेनवर घातलेले तेल चेंडूला लागून परतीच्या रुळांवर आणि पट्ट्यांवर उतरते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रूढ झालेले रिॲक्टिव्ह रेझिनचे सच्छिद्र कवच तेल शोषून घेते आणि वाटेत थोडे थोडे सोडतही राहते. उचलयंत्राचा पट्टा तेलकट झाला की त्याची पकड जाते, चेंडू अर्ध्यावर गरगरत राहतो आणि मागचे चेंडू तुंबतात. पट्टा ढिला पडला तरी लक्षण हेच दिसते. म्हणून आधी पट्टा पुसावा आणि मगच त्याचा ताण वाढवावा. तेलकट पट्टा नुसता ताणला तर चेंडू वर चढू लागतो खरा, पण बेअरिंगांवरचा भार वाढतो आणि पुढे कधी पट्टा स्वच्छ केला की पकड गरजेपेक्षा घट्ट होते. गाद्या आणि आच्छादने कडक झाली आहेत का, हे मात्र आवाजावरून आधी कळते. चेंडू रॅकवर येताना दबका धप्प आवाज जाऊन कोरडा टक्क आवाज येऊ लागला, तर रबर बदलायची वेळ झालेली असते.