नदीची काठी, समुद्राचा मासा : प्रवाळबेटांवरच्या फ्लाय फिशिंगची पार्श्वभूमी

गोदावरीवर गळ टाकणारा माणूस दोरीला शिसे बांधतो आणि त्या शिशाच्या वजनाने गळ लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा आहे. पिसांनी, केसांनी मढवलेला गळ, म्हणजे फ्लाय, जवळजवळ बिनवजनाचा असतो आणि वजन असते ते लाइनमध्ये. रॉड मागेपुढे झुलवून ती जाड लाइन हवेत उलगडायची, फ्लाय तिच्यामागून जातो. ही पद्धत रुजली ती ब्रिटनच्या थंड नद्यांत, ट्राउट माशासाठी. ती उष्ण समुद्रातल्या प्रवाळबेटांवर, मीटरभर लांबीच्या जायंट ट्रेव्हलीसमोर येऊन पोचली, तो प्रवास मुख्यतः मोडतोडीचा आहे. काय तुटले, का तुटले आणि त्यावर काय काढले, एवढाच तो इतिहास. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा बेत मनात धरून गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर सराव करणाऱ्या नाशिककराने तो समजून घ्यायला हवा. त्याशिवाय महागडे सामान नुसते ओझे होते.

खाऱ्या पाण्यात फ्लाय टाकणारे एकोणिसाव्या शतकातही होते. पण वळण आले १९४७ साली. अमेरिकेत फ्लोरिडा कीज बेटांवर जो ब्रूक्स यांनी जिमी अल्ब्राइट या वाटाड्याच्या साथीने ठरवून बोनफिश फ्लायवर पकडला. गुडघाभर पाण्यात चरणारा हा चंदेरी मासा लागला की एका दमात शंभर मीटर पळतो. ट्राउटचे रीळ म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची नुसती चकरी. ती या पळण्यापुढे टिकेना. मूठ गरगर फिरून बोटांची हाडे शेकायची, मिठाने आस जाम व्हायचा. येवल्याच्या संक्रांतीत ज्याने आसारी धरली आहे, त्याला यातली मेख चटकन कळेल. ढील सगळेच देतात. सुटलेली आसारी झटका न बसता थोपवणे अवघड. रिळात हे काम ड्रॅग करतो. आधी बुचाच्या चकत्यांचा आणि पुढे कार्बनच्या, खारे पाणी आत न शिरणाऱ्या बंद डबीतला.

बांबूचे रॉड मिठाला आणि ओझ्याला दबत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आले. मग ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात विकसित झालेला कार्बन तंतू वापरून फेनविक कंपनीने १९७३ मध्ये ग्रॅफाइटचा रॉड बाजारात आणला. वाऱ्यावर मोठा फ्लाय मारणे त्याने हलके केले.

लाइनवर मात्र जरा थांबायला हवे. नवखा माणूस सगळा पैसा रॉडवर घालतो आणि लाइन मिळेल ती घेतो. आमच्या मते हे चुकते. रेशमी लाइन रोज वाळवून तिला चरबी चोळावी लागे, ती कटकट १९५० च्या दशकात पीव्हीसीचा लेप आल्यावर संपली. १९६१ मध्ये नंबर ठरले : लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन किती, त्यावर नंबर. आठ नंबर म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम, बारा नंबर म्हणजे सुमारे २४.६ ग्रॅम. बोनफिशला आठ, ट्रेव्हलीला बारा. पण लेप ट्राउटच्या थंड पाण्यासाठी बनवलेला असेल तर उष्ण कटिबंधात तो मऊ पडतो, रॉडच्या कड्यांना चिकटतो आणि फेक अर्ध्यावर मरते. म्हणून उष्ण पाण्यासाठी कडक लेपाची आणि कडक गाभ्याची लाइन निघाली. तीच लाइन निफाडच्या थंडीत, पहाटे, स्प्रिंगसारखी वेटोळी घेते आणि माणसाला वाटते माल खराब आला. माल चांगला असतो. दोघांनी दोन टोके धरून दहा-दहा मीटरचा तुकडा सावकाश ताणायचा, किंवा सराव सरळ वैशाखातल्या दुपारी ठेवायचा. फुगवट्यावर तेव्हा वाराही असतो आणि तोच तर हवा असतो.

आता बेटांकडे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्याला कंकणाकृती प्रवाळद्वीप म्हटले आहे, त्याचा इंग्रजीतला शब्द, ॲटोल, मालदीवच्या दिवेही भाषेतून गेलेला. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचते, भोवतीचे प्रवाळ वर वाढत राहतात आणि शेवटी मधे उथळ पाणी असलेले कडे उरते, अशी उपपत्ती डार्विनने १८४२ मध्ये मांडली. प्रशांत महासागरात एनेवेटाकवर १९५२ मध्ये बाराशे मीटरहून खोल भोक पाडले, तेव्हा खाली ज्वालामुखीचा खडक लागला आणि ती खरी ठरली.

मासेमारीला याचा अर्थ असा की कड्याच्या बाहेर पाणी एकदम खोल जाते आणि आत वाळूचे पठार. भरती चढली की मोठे मासे काठावरून आत शिरतात, ओहोटीला खाचांतून बाहेर पडतात. उभे राहायची जागा म्हणजे ती खाच. पौर्णिमा-अमावस्येचे उधाण आणि अष्टमीचा भांग तिथेही आहेतच. पण भरतीच्या वेळेसाठी कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब चालत नाही. तिथले कोष्टक वेगळे घ्यावे लागते.

अशा बेटांत आधी नाव झाले प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या किरितिमाती बेटाचे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक तिथे १७७७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पोचला, म्हणून ख्रिसमस बेट. १९५७-५८ मध्ये ब्रिटनने आणि १९६२ मध्ये अमेरिकेने त्याच परिसरात अणुचाचण्या केल्या. १९७९ च्या स्वातंत्र्यानंतर, १९८० च्या दशकात, बोनफिशसाठी परदेशी लोक येऊ लागले आणि गावातले मासेमार त्यांचे वाटाडे झाले. सेशेल्सची दूरची बेटे त्यानंतर उजेडात आली. त्यांतले कॉस्मोलेडो राजधानीच्या माहे बेटापासून हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिथली ट्रेव्हली पाकटाच्या आणि मुशीच्या मागोमाग उथळात येते, त्यांनी उठवलेले खाद्य झडपते.

इथे जुने नियम अडले. आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, १९३९ साली स्थापन झालेल्या आयजीएफएच्या, नियमांनुसार फ्लायच्या विक्रमासाठी लीडरमधला, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणाऱ्या दोऱ्यातला, कमजोर भाग जास्तीत जास्त २० पौंड ताण सोसणारा आणि त्यापुढचा जाड तुकडा १२ इंचांहून लांब नको. ट्रेव्हली लागताच प्रवाळाच्या कड्याकडे धावते आणि हा लीडर सुतासारखा कापला जातो. तुटलेला गळ माशाच्या तोंडात राहतो, हे आम्हाला विक्रम हुकण्यापेक्षा फार वाईट वाटते. म्हणून तिथल्या वाटाड्यांनी विक्रमाचा नाद सोडला आणि दोन-अडीच मीटर सलग जाड लीडर बांधायला सुरुवात केली, साधारण १३० पौंडांचा. ताण पडला तर आता लाइनच तुटते किंवा रॉड मोडतो. गाठ थुंकीने ओली करून पक्कडीने आवळायची. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच सुटते.

ट्राउटवरून आलेली सगळ्यात चिवट सवय हाताची आहे. मासा लागला की रॉड वर उचलायचा, हे अंगात मुरलेले असते. ट्रेव्हलीच्या कडक जबड्यात तसा गळ रुतत नाही, फ्लाय तोंडातून निघून येतो. रॉडचे टोक पाण्याकडे, माशाच्या रोखाने ठेवून डाव्या हाताने लाइन लांब ओढायची, दोन-तीनदा. मैदानावर लाइनच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून जोडीदाराला ओढायला लावा. हजारदा केल्याशिवाय हात बदलत नाही.

उलट्या काट्याचा गळ आता सेशेल्समध्ये चालत नाही, कारण मासा सोडूनच द्यायचा असतो. बिनकाट्याच्या गळाची ही रीत आपल्या बाजूच्या समुद्रात जुनीच आहे. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचे मासेमार लांब काठीने कुपा पकडतात, जिवंत चारा पाण्यात उधळून. त्यांच्या गळाला काटा नसतो. मासा होडीत येताच दोरी सैल पडते, तो आपोआप सुटतो आणि हात पुढच्या फेकेला मोकळा होतो. काटेरी गळ आणला असेल तर चपट्या पक्कडीने काटा देठावर दाबून टाकायचा आणि गळ जुन्या सुती सदऱ्यात टोचून मागे ओढायचा. एकही धागा अडकला नाही, तर काटा गेला.