नाकारलेलं बिल कामगाराच्याच गळ्यात पडतं?

अनेक वर्षं फिरणारा एक मेसेज सांगतो: अमेरिकेत कामावर दुखापत झाली आणि मालकाने घेतलेल्या कामगार भरपाई विम्याच्या कंपनीने रुग्णालयाचं बिल नाकारलं, की पैसे कामगारानेच भरायचे.

नकाराचं पत्र हातात पडल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण बिल नाकारणं वेगळं आणि दावा, म्हणजे दुखापतीच्या भरपाईची मागणीच, नाकारणं वेगळं. दावा मान्य असतानाही बिल परत येऊ शकतं: दावा क्रमांक चुकला, डॉक्टरांचा अहवाल जोडला नाही, पूर्वमंजुरी घेतली नाही किंवा रक्कम सरकारी दरपत्रकापेक्षा जास्त लावली. हा वाद रुग्णालय आणि विमा कंपनीतला. मान्य झालेल्या उपचाराची उरलेली रक्कम कामगाराकडून वसूल करायला बहुतेक राज्यांत मनाई आहे.

म्हणून आधी पत्रातलं कारण आणि त्याचा कोड वाचा. मग दाव्याची स्थिती विमा कंपनीकडून लेखी मागवा. दावा मान्य असेल तर दावा क्रमांक रुग्णालयाच्या बिलिंग विभागाला लेखी कळवा, फेरतपासणी त्यांनी मागायची असते. कॅलिफोर्नियात रकमेच्या वादासाठी फेरतपासणी मागायची मुदत 90 दिवसांची आहे. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, त्यामुळे आपल्या राज्याचे तपासा.

दावाच नाकारला असेल तर मात्र गोष्ट गंभीर. त्याविरुद्ध कामगाराला स्वतः दाद मागता येते, आणि तिलाही मुदत असते. कामगाराचा नेहमीचा आरोग्य विमा 'दुखापत कामावरची' म्हणून 19 क्रमांकाच्या नकार-कोडने बिल परत पाठवू शकतो. अशा वेळी दावा नाकारल्याचं पत्र त्या बिलासोबत जोडून पुन्हा पाठवायला रुग्णालयाला सांगा.