आकडा दाखवा: दक्षिण कोरियातल्या गेम खेळणाऱ्यांची तक्रार कायद्यापर्यंत कशी पोचली

दक्षिण कोरियात २२ मार्च २०२४ पासून एक नियम लागू आहे. ऑनलाइन गेममध्ये पैसे भरून उघडायच्या पेटीतून कोणती वस्तू निघण्याची शक्यता किती टक्के आहे, हे कंपनीने गेममध्ये, वेबसाइटवर आणि जाहिरातीतही छापायचं. सरकारने दुरुस्तीचा आदेश दिल्यावरही छापलं नाही, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. संसदेने ही तरतूद मंजूर केली २७ फेब्रुवारी २०२३ ला. त्याआधीच्या दोन वर्षांत खेळाडूंनी जो रेटा लावला, त्याशिवाय ती झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

कोरियातला ऑनलाइन गेमचा धंदा उभा राहिला तो वर्गणीवर. नेक्सॉन कंपनीचा 'किंग्डम ऑफ द विंड्स' १९९६ चा, एनसीसॉफ्टचा 'लिनेज' १९९८ चा. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर गल्लोगल्ली 'पीसी बांग' निघाले, म्हणजे तासाच्या हिशेबाने कॉम्प्युटर वापरायला देणारी दुकानं, आणि तिथे खेळाडूंची अख्खी पिढी घडली. महिन्याची रक्कम भरली की आत सगळे सारखे. पुढे कोण जाणार, हे कोण किती वेळ आणि किती जीव ओतून खेळतो यावर ठरायचं. नेक्सॉनच्याच 'क्विझक्विझ'ने हे गणित बदललं. या खेळाला वर्गणी लावल्यावर माणसं गळाली. मग कंपनीने खेळ फुकट केला आणि आतल्या वस्तू विकायला काढल्या. प्रयोग चालला, आणि फुकट खेळणाऱ्यांची गर्दी जमवून त्यातल्या थोड्यांकडून भरपूर कमवायचं, ही रीत पडली.

२००३ साली 'मेपलस्टोरी' आला तो याच रीतीने. त्याच्या जपानी आवृत्तीत २००४ मध्ये १०० येनांचं 'गाचापोन' तिकीट विकायला आलं. जपानमध्ये दुकानांबाहेर नाणं टाकून प्लास्टिकची डबी देणारी यंत्रं असतात. आत कुठलं खेळणं आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. तिकीट त्याच धर्तीवर होतं. आपल्याकडच्या सोरटाचाच हा प्रकार. शाळेबाहेरच्या दुकानात सोरट काढणाऱ्या प्रत्येक पोराला जी शंका यायची, तीच पुढे या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आली: मोठ्या बक्षिसाचा आकडा दुकानदाराने आधीच काढून तर ठेवला नाही ना?

जपानमध्ये ही शंका लवकर चव्हाट्यावर आली. तिथल्या मोबाइल गेममध्ये 'कॉम्प्लीट गाचा' नावाचा प्रकार होता. ठरावीक कार्डांचा पूर्ण संच जमला तरच मोठं बक्षीस, आणि संचातलं शेवटचं कार्ड निघता निघत नाही. मे २०१२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने हा प्रकार बेकायदा ठरवला. २०१६ च्या सुरुवातीला 'ग्रॅनब्लू फँटसी'च्या एका खेळाडूने एका पात्रासाठी थेट प्रक्षेपणात सुमारे ७ लाख येन घालवले आणि लोक खवळले. कंपनीने माफी मागितली आणि कमाल मर्यादा घातली: ३०० वेळा काढलं, म्हणजे ९०,००० येन गेले, की हवं ते पात्र निवडून घ्यायचं. आज कित्येक गेममध्ये अशी मर्यादा दिसते.

मग इतर देशही जागे झाले. चीनने १ मे २०१७ पासून शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला गेममधल्या चलनाचे ६०,००० क्रेडिट लागत होते. खेळाडूंनी हिशेब मांडला, की हे सुमारे ४० तासांचं काम आहे. संताप इतका झाला की ईए कंपनीने किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी आतली खरेदीच बंद ठेवली. डिसेंबरात अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअरवरच्या गेमना शक्यता दाखवायला लावली.

कोरियात २०१५ पासून उद्योगाने स्वतःहून आकडे जाहीर करायचं ठरवलं होतं. पण ते नियम थेट पेटीतून निघणाऱ्या वस्तूंपुरते होते. हातातलं शस्त्र किंवा चिलखत पैसे भरून आणखी ताकदवान करायचं, तर तो प्रकार या नियमांत बसत नव्हता. 'मेपलस्टोरी'त विकत मिळणारे क्यूब नेमके तिथेच होते. प्रत्येक वस्तूला गुणांच्या तीन ओळी असतात. क्यूब वापरला की त्या पुसल्या जातात आणि नव्या तीन पडतात. लाल क्यूब १,२०० वॉनला, काळा २,२०० वॉनला मिळायचा. एका क्यूबची किंमत फार वाटत नाही, पण मनासारख्या तीन ओळी येईपर्यंत किती क्यूब जातील, याला अंत नव्हता. सगळ्यांना हवी असायची ती 'बॉसवरचा', म्हणजे गेममधल्या बड्या शत्रूवरचा, 'मारा वाढवणारी' ओळ, तीही तीनदा.

जानेवारी २०२१ मध्ये ठिणगी पडली ती मात्र दुसऱ्याच गेममध्ये. 'फेट/ग्रँड ऑर्डर'ची कोरियन आवृत्ती चालवणाऱ्या नेटमार्बलने नववर्षाची लॉगिन बक्षिसं, म्हणजे नुसता गेम उघडला तरी मिळणारी, मध्येच बंद केली. दरवर्षी मिळणारी गोष्ट काढून घेतली, आणि धड कारणही दिलं नाही. कोव्हिडमुळे रस्त्यावर माणसं जमवणं शक्य नव्हतं. खेळाडूंनी वर्गणी काढली, एलईडी पडदा लावलेला ट्रक भाड्याने घेतला आणि मागण्या झळकवत तो कंपनीच्या दारात उभा केला. माणूस एकही नाही, पण शहराने वाचलं. निषेधाची ही तऱ्हा मला फार शहाणपणाची वाटते: तोडफोड नाही, आणि दुर्लक्ष करण्याची सोय कंपनीला उरली नाही. नेटमार्बलने माफी मागितली.

१८ फेब्रुवारीला 'मेपलस्टोरी'च्या अपडेटच्या माहितीत एक वाक्य आलं. वस्तूंना मिळणारे जादा गुण आता सर्व प्रकारांत समान शक्यतेने मिळतील, असं त्यात म्हटलं होतं. खेळाडूंनी ते वाचलं आणि साधा प्रश्न विचारला: आता समान, म्हणजे आजवर नव्हते? ट्रक निघाले, नेक्सॉनच्या दारातही आणि संसदेपाशीही. कित्येक जण 'लॉस्ट आर्क' या दुसऱ्या गेमकडे वळले. त्यांना 'मेपल निर्वासित' म्हणायला लागले.

५ मार्च २०२१ ला नेक्सॉनने क्यूबचे आकडे खुले केले. त्यात दिसलं, की बॉसवरच्या माऱ्याची ओळ एका वस्तूवर दोनपेक्षा जास्त वेळा येऊच शकत नव्हती. तीन ओळींच्या आशेने लोकांनी वर्षानुवर्षं क्यूब घेतले, आणि ती शक्यता शून्य होती. एक टक्का, अर्धा टक्का, हजारात एक असतं तरी खेळाडूंनी 'नशीब' म्हणून सोडून दिलं असतं. शून्याला नशीब म्हणता येत नाही. या प्रकरणाची सगळी धार त्या शून्यात आहे.

दरम्यान बक्षिसांवरून आणखी एक भडका उडाला. 'उमा मुसुमे'ची कोरियन आवृत्ती काकाओ गेम्सने जून २०२२ मध्ये आणली. मोठ्या स्पर्धेची सूचना जपानी खेळाडूंना बरीच आधी मिळे, कोरियन खेळाडूंना ऐनवेळी. बक्षिसांतही डावं-उजवं होतं. घोड्यांच्या शर्यतीवरचा गेम, म्हणून ऑगस्टच्या अखेरीस खेळाडूंनी कंपनीच्या कार्यालयासमोर खरी घोडागाडी फिरवली. पैसे परत मागणारा दावाही लावला.

३ जानेवारी २०२४ ला कोरियाच्या व्यापार आयोगाने नेक्सॉनला ११६४ कोटी २० लाख वॉनचा दंड ठोठावला. तपासात निघालेला क्रम वाचण्यासारखा आहे. मे २०१० मध्ये क्यूब आले तेव्हा सर्व गुणांची शक्यता समान होती. सप्टेंबरपासून मागणी असलेले गुण कमी पडतील, अशी व्यवस्था झाली. ऑगस्ट २०११ पासून काही जोड्या येणं साफ बंद. काळ्या क्यूबने वस्तू सर्वोच्च दर्जाला जाण्याची शक्यता जुलै २०१३ मध्ये १.८ टक्के होती. ती हळूहळू १.४ वर आणि २०१६ मध्ये १ टक्क्यावर आली. यातलं काहीच खेळाडूंना कळवलं नव्हतं.

नेक्सॉनने माफी मागितली, पण त्या काळात आकडे जाहीर करण्याचं बंधन कुठेच नव्हतं, हा मुद्दाही मांडला. त्यात तथ्य आहे. तरी मला तो अपुरा वाटतो. आकडा न सांगणं ही एक गोष्ट, आणि विकायला ठेवलेला माल गुपचूप बदलून जुन्या किमतीला विकत राहणं ही दुसरी. काही दिवसांतच कंपनीने रोख पैशांत क्यूब विकणं थांबवलं. आता गुण बदलायचे तर गेममध्येच कमावलेलं चलन लागतं.

एका खेळाडूने आधीच कोर्टात दावा लावला होता. क्यूबवर त्याचे १ कोटी वॉनहून अधिक गेले होते. पहिल्या कोर्टात तो हरला, अपिलात अंशतः जिंकला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला: खर्चाच्या ५ टक्के रक्कम परत. रक्कम लहान आहे, पण खेळाडूची फसवणूक ही ग्राहकाची फसवणूक आहे, हे देशाच्या सर्वात वरच्या कोर्टात टिकलं. त्याच वर्षी ग्राहक संस्थेच्या मध्यस्थीनंतर नेक्सॉनने सुमारे ८ लाख खेळाडूंना एकूण २१९० कोटी वॉनची भरपाई द्यायचं मान्य केलं, तीही रोख नव्हे, तर कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या नाण्यांत.

आकडा छापला म्हणून पेटी स्वस्त होत नाही. ०.१ टक्का लिहिलेलं पाहूनही पैसे घालणारे घालतातच, आणि लहान मुलाला ०.१ टक्क्याचा अर्थ कळतो असं मानणं चूक आहे. म्हणून ३०० वेळांसारखी कमाल मर्यादा मला शक्यतेच्या तक्त्याहून जास्त उपयोगी वाटते. कोरियाच्या कायद्यात ती नाही.

आपल्या पोरांच्या फोनवरचा बीजीएमआय हा क्राफ्टॉनचा, म्हणजे कोरियन कंपनीचाच गेम. यूसी, म्हणजे गेममधलं विकतचं चलन, भरून क्रेट, म्हणजे अशीच पेटी, उघडणं पुण्या-नाशकातल्या मुलांना नवं नाही. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पेटीतल्या शक्यता जाहीर करण्याची तरतूद त्यात नाही. इथे क्रेट उघडण्याआधी टक्केवारी पाहायला मिळण्याची हमी आहे ती अ‍ॅपलच्या आणि २०१९ पासून गूगलच्या नियमामुळे. तो आकडा खरा आहे का, हे तपासणारी यंत्रणा कोरियात आहे. आपल्याकडे अजून नाही.